सल्ला सदर: चार दिवसांत पाच गावं नकोत, एक नदी धर

पत्र: ताई, गेल्या आठवड्यात आई-बाबा कराडहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. मागच्या खेपेला न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा सगळं झालं. या वेळी बाबा म्हणतात, “इमारती बघून झाल्या, आता गाव दाखव. तुमच्याकडे गावं असतात की नुसते हायवेच?” नवऱ्याने लगेच यादी काढली. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला चार दिवसांत पाच गावं: लिटिट्झ, जिम थॉर्प, कूपर्सटाउन, व्हरमाँटमधलं वुडस्टॉक आणि परत येताना केप मे. बाबा ७४ वर्षांचे, ठणठणीत आहेत. आई ६९, गुडघे दुखतात, शुद्ध शाकाहारी आणि चतुर्थी कडक. मुलगा नऊ वर्षांचा. हा बेत जमेल का? अशा गावांत लोक आपल्याशी नीट वागतात का? आणि पैसे खर्च करून जावं असं तिथे असतं तरी काय?
– न्यू जर्सीतल्या एडिसनची लेक

प्रिय लेकी,

नवऱ्याने यादी मन लावून केली आहे, त्याला माझ्यातर्फे शाबासकी दे. आता ती यादी बाजूला ठेव. मी नकाशावर अंतरं मांडून बघितली, हजार मैलांच्या आसपास जातात. म्हणजे चार दिवसांतले वीसएक तास आई मागच्या सीटवर गुडघे मुडपून बसणार आणि उरलेल्या वेळात तुम्ही पार्किंग शोधणार. शिवाय व्हरमाँटहून ‘परत येताना’ केप मे? अगं, वाटेत आधी तुझं घर लागतं, केप मे त्याच्याही पुढे दोन तास! नाशिकहून पुण्याला परतताना जाता जाता कोल्हापूर करू, असं म्हणण्यातला प्रकार आहे.

बाबांचा प्रश्न मात्र मला फार आवडला. कराडला ते सकाळी उठून घाटावर जात असतील, पेपर घेत असतील, कुठे चहा, चार ओळखीचे चेहरे, मग घर. एडिसनमध्ये दुधाचा कॅन आणायलाही गाडी काढावी लागते, आणि गाडीची किल्ली तुझ्याकडे किंवा जावयाकडे. सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आई-बाबांचं खरं दुखणं हे असतं, ते बोलून दाखवत नाहीत एवढंच. त्यावर नायगारा हा काही इलाज नाही.

म्हणून गाव निवडताना माझी कसोटी एकच आहे. सकाळी बाबा कुणालाही न उठवता एकटे खोलीबाहेर पडून, कॉफी घेऊन, बाकावर बसून, चालत परत येऊ शकतात का? येत असतील तर ते गाव. नसतील तर फोटोत कितीही गोंडस दिसो, ते आपल्या कामाचं नाही.

या कसोटीला उतरणारी गावं बहुतेक मोटारीच्या आधीची. दुकानं एकमेकांना खेटून, वरच्या मजल्यावर राहती घरं, पोस्ट, चर्च, वाचनालय सगळं हाकेच्या अंतरावर. आणि त्यातली बरीचशी अजून तशी दिसतात ती सुरुवातीला कुणी मुद्दाम जपली म्हणून नव्हे, तर पैसा आटला म्हणून. खाण बंद पडली, कालवा बसला, रेल्वे दुसरीकडे गेली. जुनं पाडून नवं बांधायला कुणाकडे दमडी नव्हती. मग काही दशकांनी शहरातली माणसं आली आणि ‘किती छान’ म्हणू लागली. जपणारे तिथून पुढचे.

आता बेत सांगते. बाबा कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरचे, तर त्यांना नदीच्याच वाटेने ने. जावयाच्या यादीतली दोन गावं एकाच पाण्यावर आहेत. जिम थॉर्प लीहाय नदीवर आहे. लीहाय ईस्टनला डेलावेअर नदीला मिळते, डेलावेअर लॅम्बर्टव्हिलवरून खाली जाते, आणि तिची खाडी जिथे समुद्राला मिळते त्या टोकावर केप मे. हे सगळं एका दमात नको. दोन सहली कर, प्रत्येक ठिकाणी दोन रात्री मुक्काम.

पहिलं जिम थॉर्प. तुझ्याकडून दोन तासांच्या आत. दोन्हीकडून डोंगर चढलेले, मधल्या घळीत नदी, रेल्वे आणि एकच मुख्य रस्ता, इतकं अरुंद गाव आहे हे. मूळ नाव मॉक चंक. आजूबाजूच्या डोंगरांत उत्तम प्रतीचा दगडी कोळसा सापडला आणि गाव गब्बर झालं. १८२७ मध्ये इथे डोंगरावरून नऊ मैल रुळांवर कोळशाच्या वाघिणी नुसत्या उताराच्या जोरावर खाली सोडायला सुरुवात झाली. रिकाम्या वाघिणी वर ओढून न्यायला खेचरं लागत, आणि ती खेचरंही खाली येताना वाघिणीत बसून येत! एकदा ही चैन अंगवळणी पडल्यावर ती उतार चालत उतरायला तयारच होईनात. पुढे कोळसा दुसऱ्या वाटेने जायला लागला, तेव्हा त्याच रुळांवरून हौशी लोकांना तिकीट लावून फिरवू लागले. रोलर कोस्टरचे जनक शोधायला निघालं की लोक इथे येऊन पोचतात. नऊ वर्षांच्या नातवाला ही गोष्ट आजोबांनी सांगायची, तू नाही.

गावाचं नाव बदललं ती गोष्ट बाबांसाठी. जिम थॉर्प हा ओक्लाहोमातला, सॅक अँड फॉक्स या आदिवासी जमातीचा खेळाडू. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, दोन्हींत सुवर्ण. पुढच्याच वर्षी दोन्ही पदकं काढून घेतली, कारण काय तर त्याआधी किरकोळ पैसे घेऊन तो बेसबॉल खेळला होता. १९५३ मध्ये तो गेला. तोवर कोळसा संपत आलेलं मॉक चंक पोटापाण्याची वाट शोधत होतं. त्याच्या बायकोशी करार झाला, १९५४ मध्ये गावाने आपलं नाव टाकून त्याचं घेतलं आणि त्याचा देह आणून तिथे पुरला. त्या गावात तो कधी राहिलाही नव्हता. वडिलांना आपल्या मातीत न्यायचं म्हणून मुलं कोर्टात गेली. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. पदकांचं म्हणशील तर १९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने त्याला सहविजेता मानलं आणि एकमेव विजेता म्हणायला २०२२ उजाडलं. कराडच्या माणसाला यात नवल वाटायचं नाही. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर त्यांच्या दारात आहे. १९५२ च्या हेलसिंकीचं कांस्य आणलेल्या त्या पैलवानाला अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. थॉर्पची समाधी गावाच्या थोडी बाहेर, रस्त्याकडेला आहे. बाबांना तिथे पाच मिनिटं उभं राहू दे. फोटोची घाई नको.

आईसाठी इथे रेल्वे आहे. लीहायच्या घळीतून जुन्या डब्यांची गाडी जाऊन येते, सव्वाएक तास. स्टेशन मुख्य रस्त्याच्या तळाशीच आहे, चढ नाही. आसा पॅकर या रेल्वेवाल्या धनाढ्याचा वाडा मात्र टेकडीवर. तिथे बाबा आणि नातू जातील, आई खाली आइस्क्रीम खाईल. जुन्या तुरुंगाची दगडी इमारतही उभी आहे. २१ जून १८७७ ला तिथे चार आयरिश खाणकामगारांना फाशी दिली. खुनाचा आरोप होता, पण पुरावा कोळसा कंपनीने लावलेल्या खाजगी गुप्तहेराचा आणि खटला चालवायला कंपन्यांचेच वकील. त्यांच्यापैकी एकाने निर्दोष असल्याची शपथ घेऊन कोठडीच्या भिंतीवर हात उमटवला, आणि तो ठसा पुसला जात नाही, असं गावात सांगतात. मुलाला हे कितपत सांगायचं ते तू ठरव.

फक्त एक ऐक: ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला इथे जाऊ नकोस. पानांचे रंग बघायला अर्धं फिलाडेल्फिया आलेलं असतं आणि त्या एका रस्त्यावर गाडी इंच इंच सरकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू जर्सीच्या शाळांना शिक्षकांच्या अधिवेशनाची गुरुवार-शुक्रवार सुट्टी असते. निम्मं एडिसन तेव्हा डिस्नेला जातं. तू इकडे जा. पानं गळलेली असतील, पण त्यामुळेच डोंगराचा आकार आणि खालची नदी स्वच्छ दिसते. रेल्वे त्या दिवसांत कोणत्या वारी सुटते ते आधी बघून ठेव.

परतताना हायवे सोड. ईस्टनला लीहाय-डेलावेअरच्या संगमावर पंधरा मिनिटं थांब, मग नदीकाठच्या रस्त्याने खाली न्यू होपला ये. मधूनमधून एक शांत, हिरवट पाण्याचा कालवा सोबत येतो. हा १८३० च्या दशकातला. मॉक चंकचा कोळसा याच पाण्यावरून नावांतून फिलाडेल्फियाच्या बाजूला जायचा, आणि नावा ओढायची पुन्हा खेचरंच. ती काठाने चालायची ती वाट अजून आहे आणि लोक तीवर फिरतात. खेचरांसाठी केलेली वाट म्हणजे सपाट असणारच. आईच्या गुडघ्यांना याहून चांगली वाट अख्ख्या पट्ट्यात मिळणार नाही.

न्यू होप पेनसिल्व्हेनियात, समोरच्या काठावर लॅम्बर्टव्हिल न्यू जर्सीत, मध्ये चालत ओलांडायचा पूल. न्यू होप जरा भपकेबाज, मोटारसायकलवाल्यांच्या आवडीचं. माझं मत विचारशील तर मुक्काम नेहमी लॅम्बर्टव्हिलच्या बाजूला कर. विटांची बुटकी घरं, पायऱ्यांवर कुंड्या, आणि जुन्या वस्तूंची दुकानं. अशा दुकानात आईला एकटी सोड. बिडाचे तवे, कॉफी दळायच्या हातचक्क्या, घासून घासून पातळ झालेले चमचे, कुणाच्या तरी आजीने दोऱ्याने विणलेले रुमाल. ती प्रत्येक वस्तू उचलून वजन बघेल, किंमत ऐकून खाली ठेवेल आणि दोन तास कुठे गेले ते कळणार नाही. गावाबाहेर बुधवारी, शनिवारी आणि रविवारी जुना बाजारही भरतो. सकाळी लवकर जायचं, दुपारी आवराआवर होते. कॅलिफोर्नियात १८४८ मध्ये ज्याला सोन्याचे कण सापडले आणि सगळा देश तिकडे धावला, तो जेम्स मार्शल याच गावात वाढला. त्याचं घर अजून आहे.

तुझ्यापासून हे तासाभरावर, म्हणून खरं तर इथे पुन्हा पुन्हा येता येईल. डिसेंबरमध्ये तर ये. इथून थोडं खाली नदी जिथे जॉर्ज वॉशिंग्टनने स्वातंत्र्ययुद्धात १७७६ च्या नाताळच्या रात्री सैन्य घेऊन ओलांडली, तिथे दरवर्षी नाताळच्या दिवशी लोक त्या काळचे पोशाख घालून होड्यांतून पलीकडे जातात. पाणी आणि वारा यांनी परवानगी दिली तर, बरं का. थंडी कडाक्याची असते. आईला गाडीतून बघू दे.

केप मे मात्र थांबवू नकोस, याच सप्टेंबरात उरकून टाक. गार्डन स्टेट पार्कवे हा हायवे जिथे संपतो तिथे गाव सुरू होतं, चुकण्याची सोय नाही. १८७८ मध्ये मोठी आग लागून गावाचा मधला भाग जळाला आणि त्याच काळाच्या पद्धतीने पुन्हा बांधला गेला, म्हणून गल्लीच्या गल्ली लाकडी नक्षीच्या, गुलाबी-पिवळ्या-हिरव्या घरांची. सगळ्यांना पुढे मोठा ओटा आणि ओट्यावर झुलत्या खुर्च्या. आईबाबांना ओटा म्हणजे काय ते समजवावं लागणार नाही. लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर, किनाऱ्यावर जायला पासही लागत नाही आणि गर्दीही ओसरते. दीपगृह १८५९ चं, १९९ पायऱ्या; बाबा चढतील, तू मागे राहा. पक्ष्यांच्या स्थलांतराचा हा मोठा टप्पा आहे, शरदात ससाण्यांचे थवेच्या थवे जातात, आणि दुर्बिणी लावून बसलेली म्हातारी माणसं अनोळखी माणसालाही खुशाल दुर्बीण देतात.

संध्याकाळी सनसेट बीचला जा. किनारा पूर्वेचा, पण इथे तोंड खाडीकडे असल्याने सूर्य पाण्यात मावळताना दिसतो. सप्टेंबर अखेरपर्यंत रोज सूर्यास्ताला तिथे झेंडा उतरवतात, आणि तो झेंडा रोज वेगळ्या माणसाचा असतो. मरण पावलेल्या कुण्या सैनिकाच्या शवपेटीवर घातलेला झेंडा घरचे लोक आणून देतात, त्या दिवशी तो फडकतो आणि घरच्यांच्याच हाताने उतरतो. सातारा जिल्ह्यातल्या माणसांना यातलं काही वेगळं सांगायला नको. तिथल्याच वाळूत गुळगुळीत, पारदर्शक गारगोट्या सापडतात, त्यांना ‘केप मे डायमंड’ म्हणतात. डेलावेअरच्या वरच्या अंगाकडून वाहत आलेल्या. मुलगा खिसे भरून आणेल, धुण्याच्या मशीनमध्ये टाकण्याआधी तपासून घे.

बाकीच्या यादीबद्दल थोडक्यात. लिटिट्झ छान आहे, १७५६ पासूनचं आहे, जुन्या प्रेट्झेल बेकरीत मुलाला प्रेट्झेल वळायला शिकवतात. एका शनिवारी जाऊन या. भोवती आमिश लोकांची, म्हणजे मोटारी न ठेवता घोड्याच्या बग्गीतून फिरणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, शेती आहे. बग्गीचा फोटो लांबून ठीक, माणसाच्या तोंडासमोर फोन धरायचा नाही. रविवारी त्यांची सगळी दुकानं बंद. कूपर्सटाउनला बेसबॉलचं मोठं संग्रहालय आहे. मुलगा बेसबॉल खेळत असेल तर उन्हाळ्यात जा, नसेल तर इतक्या लांब कशाला? वुडस्टॉक देखणं आहे यात वाद नाही, पण ऑक्टोबरात खोलीचे दर ऐकून बाबा व्हरमाँटचं नाव टाकतील.

तुझ्यासारखीच पत्रं इतर गावांहूनही येतात, तर जाता जाता: शिकागोकरांनी गॅलीना धरावं, शिशाच्या खाणींवर श्रीमंत झालेलं आणि मग जिथल्या तिथे थांबलेलं. डेट्रॉइटवाल्यांनी मॅकिनॉ बेट, तिथे १८९८ पासून मोटारींना बंदी आहे, घोडागाडी किंवा सायकल. ऑस्टिनकरांनी फ्रेडरिक्सबर्ग. बॉस्टनकरांना कॉन्कॉर्ड अर्ध्यापाऊण तासावर. तिथल्या वॉल्डन तळ्याकाठी राहणारा लेखक थोरो गांधीजींमुळे आपल्याला माहीत आहे. पण त्याच तळ्यावर हिवाळ्यात बर्फ कापणारे मजूर बघून, हे पाणी उद्या मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे लोक पितील असं त्याने लिहून ठेवलंय, हे मुंबईकर आजोबांना तळ्याकाठीच सांगा. तेव्हा बॉस्टनहून बर्फ जहाजांनी खरोखरच मुंबईला यायचा.

लोक कसे वागतात? पर्यटकांवर जगणाऱ्या गावांत चांगले वागतात. वाटेत भेटणारा माणूस नमस्कार-चमत्कार करेल, हवेबद्दल बोलेल, कुठून आलात विचारेल. बाबांना उत्तर देऊ दे, मध्ये भाषांतर करायला धावू नकोस. अंगणात निवडणुकीच्या पाट्या दिसतील, त्यावर चर्चा नको. कुणी आखडून वागलंच तर पुढचं दुकान आहे.

जेवणाचं आधी ठरव. सूप भाजीचं म्हटलं तरी कोंबडीच्या पाण्यात केलेलं असू शकतं. लिटिट्झ ज्या भागात आहे त्या लँकेस्टरकडे ॲपल पायसारख्या पदार्थांच्या पारीत डुकराची चरबी घालतात, विचारल्याशिवाय आईला देऊ नकोस. पॅनकेकमध्ये अंडं असतंच. ग्रिल्ड चीज, भाजलेला बटाटा, सॅलड एवढ्यावर दोन दिवस निघतात, पण सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट घे. स्वयंपाकघर असलेली जागा मिळाली तर उत्तम, चतुर्थीची खिचडी होईल. मात्र शंभर-दीडशे वर्षांच्या लाकडी घरात मोहरीची फोडणी घालताना खिडकी उघड, नाहीतर धुराचा अलार्म वाजून सगळी गल्ली ओट्यावर येईल. आणि अशा गावांत रात्री आठनंतर जेवायला मिळेल या भरवशावर राहू नकोस. दुकानं पाचला बंद.

जुन्या घरांतल्या खोल्या घेताना फोन करून दोन गोष्टी विचार: खोली तळमजल्यावर आहे का, आणि न्हाणीघरात उभ्याने शॉवर आहे की पाय असलेला उंच टब? तो टब फोटोत फार सुंदर दिसतो. आईला त्यात चढता येणार नाही. शनिवार-रविवारी बहुतेक ठिकाणी दोन रात्रींची अट असते, ती आपल्या पथ्यावरच आहे. मधल्या वारी दर उतरतात. आई-बाबांच्या विम्याचं कार्ड आणि औषधांची यादी तुझ्या पर्समध्ये असू दे, त्यांच्या बॅगेत नको.

आणि हो, जावयाने वुडस्टॉकची खोली आधीच घेऊन ठेवली असेल, यादी करणारी माणसं तशीच असतात. पैसे परत मिळण्याची मुदत कधी संपते ते आज रात्रीच बघायला सांग.